साक्ष आणि मुद्रा : 'द वुमन इन व्हाइट'चे मूकपटांतर

१

विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून २६ नोव्हेंबर १८५९ पासून २५ ऑगस्ट १८६० पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८६० मध्येच तीन खंडांत ग्रंथरूप पावली. व्हिक्टोरियाकालीन रहस्यकथेचा विचार या कादंबरीपासून सुरू करण्याचा प्रघात आहे, आणि तो अनाठायी नाही. पुढे सत्तावन्न वर्षांनी, १९१७ च्या जुलै महिन्यात, न्यूयॉर्कनजीकच्या न्यू रॉशेल येथील थानहाउझर कंपनीने याच कथेवरील मूकपट प्रदर्शित केला. दिग्दर्शक होता अर्नेस्ट वॉर्ड, आणि कथेतील दोन्ही प्रमुख स्त्रिया, लॉरा फेअरली व अ‍ॅन कॅथरिक, एकट्या फ्लॉरेन्स ला बॅडी या नटीने साकार केल्या होत्या.

कादंबरीचे चित्रपटांतर ही आज इतकी परिचित घटना आहे की, तिच्याविषयी निराळे काही सांगण्यासारखे उरले असेल असे सहसा वाटत नाही. परंतु प्रस्तुत उदाहरणात एक विलक्षण विसंगती आहे. मूळ कादंबरी ही प्रारंभापासून अखेरपर्यंत साक्षीदारांच्या बोलण्याची बनलेली आहे. ज्या माध्यमात ती उतरविली गेली त्या माध्यमाला त्या वेळी वाचाच नव्हती. असे रूपांतर म्हणजे मूळ कृतीचा संकोच होय, असा निष्कर्ष कोणीही चटकन काढील. पुष्कळ अंशी तो खराही आहे. तथापि एका बाबतीत हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कादंबरीत ज्या दोन स्त्रियांच्या अस्तित्वाचाच वाद आहे त्यांना कादंबरीने साक्षीसाठी उभे केलेले नाही. सर्वजण बोलतात, त्या दोघी मात्र बोलत नाहीत. मूकपटाने जे काही मिळविले ते नेमके या ठिकाणी.

२

कथासूत्र थोडक्यात असे. वॉल्टर हार्टराइट या तरुण चित्रकलाशिक्षकाला हॅम्पस्टेडहून लंडनकडे परतताना, मध्यरात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर, नखशिखान्त पांढरी वस्त्रे ल्यालेली एक स्त्री भेटते. ती वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेली अ‍ॅन कॅथरिक होय. पुढे कंबरलंडमधील लिमरिज हाउस येथे शिकविण्यास गेल्यावर आपली विद्यार्थिनी लॉरा फेअरली ही त्या स्त्रीशी थक्क करण्याइतकी मिळतीजुळती आहे, असे त्याच्या ध्यानात येते. लॉराचा विवाह सर पर्सिव्हल ग्लाइड या कर्जबाजारी सरदाराशी होतो. तो आणि त्याचा इटालियन मित्र काउंट फॉस्को मिळून या साम्याचा फायदा घेतात. हृदयविकाराने मरणासन्न असलेली अ‍ॅन लंडनमध्ये लेडी ग्लाइड म्हणून मरते आणि लॉराच्या आईच्या थडग्यात पुरली जाते. जिवंत लॉरा अ‍ॅन कॅथरिक या नावाने वेड्यांच्या इस्पितळात डांबली जाते. कायद्याच्या दृष्टीने लॉरा मृत होते आणि तिचे वीस हजार पौंड नवऱ्याच्या हाती जातात. उरलेला भाग म्हणजे तिला पुन्हा जिवंत ठरविण्याचा खटाटोप होय.

ही हकीकत कॉलिन्सने एका निवेदकाकडून सांगविली नाही. न्यायालयात जसे एकामागून एक साक्षीदार उभे राहतात आणि ज्याने जे पाहिले तेवढेच सांगतात, तशी त्याने कादंबरीची मांडणी केली. वॉल्टर, गिल्मोर हा वकील, लॉराची सावत्र बहीण मॅरियन हॅलकम, लॉराचा आत्मलंपट चुलता फ्रेडरिक फेअरली, घराची कारभारीण, स्वयंपाकीण, मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर, प्रेताला अंघोळ घालणारी बाई, अ‍ॅनची आई आणि शेवटी खुद्द काउंट फॉस्को, इतक्यांचे निवेदन कादंबरीत क्रमाने येते. स्वयंपाकिणीला लिहिता येत नाही, म्हणून तिची जबानी दुसऱ्याने उतरवून घेतली आहे. इतकेच नव्हे, तर थडग्यावरील कोरीव मजकुरालाही साक्षीदार म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले आहे. निरक्षर दासी बोलते, दगड बोलतो, गुन्हेगार तर ऐटीत बोलतो. पण लॉराचे निवेदन कोठेही नाही.

भाषेच्या अभ्यासकास या वगळणुकीतील एक गोष्ट विशेष जाणवावी. प्रथमपुरुषी सर्वनाम हे वस्तुतः कोणाच्याही मालकीचे नसते. जो बोलतो त्याचे ते त्या क्षणापुरते होते. 'मी' म्हणण्याचा अधिकार मिळणे म्हणजेच त्या संवादात व्यक्ती म्हणून मान्यता मिळणे होय. कॉलिन्सच्या कादंबरीत दहा-बारा जण 'मी' म्हणतात. जिचे 'मी'पण चोरले गेले आहे ती मात्र सर्वत्र 'ती' राहते. इस्पितळातून सुटल्यावर लॉराने आपली कहाणी सांगितली, हे वाचकाला कळते; परंतु ती तिच्या शब्दांत दिलेली नाही. बोलण्यात खंड पडे, गोंधळ होई, यास्तव आपण तिचा साधा सारांश देत आहोत, असे वॉल्टर स्पष्टच सांगतो. अ‍ॅनची अवस्था याहून निराळी नाही. तिने लिहिलेले म्हणून जे महत्त्वाचे पत्र कथेत येते, ते निनावी आहे.

कथानकात लॉराकडून आग्रहाने मागितले जाणारे लेखन एकच, आणि ते म्हणजे सही. घडी घातलेल्या दस्तऐवजातील मजकूर न दाखविता पर्सिव्हल तिला खाली नाव लिहिण्यास सांगतो. ती वाचल्याशिवाय सही करण्याचे नाकारते. साऱ्या कादंबरीत तिच्या स्वत्वाचा हा सर्वात ठाम उच्चार होय, आणि तो नकाराच्या रूपाने आला आहे.

३

ही रचना म्हणजे केवळ लेखकाची लहर नव्हती. कॉलिन्सला पॅरिसमध्ये मॉरिस मेजाँ याने संकलित केलेल्या गाजलेल्या फ्रेंच खटल्यांचे खंड मिळाले होते. त्यांत मादाम द दूओ या विधवेची हकीकत होती. मिळकतीच्या लोभाने तिच्या आप्तांनी तिला १७८८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात खोट्या नावाने कोंडले आणि ती मेली असे जाहीर करून मालमत्ता वाटून घेतली. ती बाहेर आली, ओळखणाऱ्यांनी तिला ओळखलेही. परंतु न्यायालयांनी तिला तिचे नाव अखेरपर्यंत परत दिले नाही. इंग्लंडातही १८५८ च्या सुमारास शहाण्या माणसांना वेडे ठरवून कोंडण्याच्या प्रकरणांनी लोकमत क्षुब्ध झाले होते. कादंबरीकार व मंत्री एडवर्ड बुल्वर-लिटन याने त्याच वर्षी आपल्या विभक्त पत्नीला अशाच प्रकारे अडकविले होते, आणि गवगवा झाल्यावर तिची सुटका करावी लागली होती. कॉलिन्सने आपली कादंबरी ब्रायन वॉलर प्रॉक्टर याला अर्पण केली. प्रॉक्टर हा कवी तर होताच, परंतु वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयुक्तांपैकीही एक होता.

विवाहित स्त्रीची संपत्ती हा यातील दुसरा धागा. कथेचा काळ १८४९-५० चा आहे. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात विलीन होत असे. तिच्या मिळकतीस संरक्षण मिळावयाचे तर ते विवाहपूर्व करारानेच. गिल्मोर वकिलाचे निवेदन या करारासंबंधीच्या झगड्याने भरलेले आहे, ते याच कारणामुळे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेसंबंधीचे कायदे पुढे १८७० व १८८२ मध्ये झाले.

अशा समाजात मनुष्याची ओळख कशावर ठरते, हा कादंबरीचा खरा प्रश्न आहे. आणि कॉलिन्सचे उत्तर असे की, ती चेहऱ्यावर ठरत नाही, कागदावर ठरते. इस्पितळात लॉरा 'मी अ‍ॅन नव्हे' असे सांगू लागते, तेव्हा परिचारिका तिला तिच्याच कपड्यांवरील नावाची खूण दाखविते. तेथे अ‍ॅन कॅथरिक असे लिहिलेले असते. मॅरियन तिला पाहताक्षणी ओळखते. पण बहिणीची ओळख हा कायद्यातील पुरावा नव्हे. चुलता तिला ओळखण्याचे नाकारतो. शेवटी सारा भार एका तारखेवर येऊन पडतो. लेडी ग्लाइडचा मृत्यू २५ जुलै १८५० चा, आणि लॉरा हँपशरहून लंडनला निघाली ती २६ जुलैला. मेलेली बाई दुसऱ्या दिवशी प्रवास करू शकत नाही, एवढ्या एका गणिताने लॉरा पुन्हा जिवंत होते.

या गणिताचा एक उपसंहार वाङ्मयेतिहासात नोंदलेला आहे. १८६० च्या अखेरीस लंडनच्या 'टाइम्स'मधील परीक्षणकाराने दाखवून दिले की, कादंबरीतील अन्य उल्लेख जमेस धरता लॉराच्या प्रवासाची तारीख सुमारे पंधरवड्याने चुकते आणि रहस्याचा पायाच ढासळतो. कॉलिन्सने आक्षेप मान्य करून पुढील आवृत्तीत तारखा दुरुस्त केल्या. वर दिलेल्या तारखा या दुरुस्त पाठातील होत. गमतीची गोष्ट अशी की, तोपर्यंत हजारो वाचकांनी कादंबरी वाचली होती आणि लॉरा जिवंत आहे याविषयी कोणालाही शंका आली नव्हती. पुरावा तारखेचा होता. विश्वास मात्र दुसऱ्याच कशावर बसलेला होता.

४

तो कशावर बसला होता, याचे उत्तर रंगभूमीने प्रथम दिले. कॉलिन्सने स्वतः केलेले नाट्यरूपांतर १८७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ऑलिंपिक नाट्यगृहात रंगले आणि त्यात एडा डायस हिने लॉरा व अ‍ॅन या दोन्ही भूमिका केल्या. कादंबरीत दोघींमधील साम्य ही साक्षीदारांनी सांगितलेली गोष्ट असते. वाचक ती ऐकतो आणि मान्य करतो. रंगभूमीवर ती दिसणारी गोष्ट झाली. परंतु रंगभूमीला एक मर्यादा होती. एकच नटी एका वेळी दोन ठिकाणी उभी राहू शकत नाही. दोघींची भेट रंगवावयाची तर पाठमोऱ्या बदली नटीचा किंवा अशाच एखाद्या युक्तीचा आश्रय घ्यावा लागे.

ही मर्यादा छायालेखनयंत्राने दूर केली. भिंगाचा अर्धा भाग झाकून फीत एकदा चालवावयाची, ती तितकीच मागे गुंडाळावयाची, मग दुसरा अर्धा भाग झाकून तीच फीत पुन्हा चालवावयाची. यंत्र हाताने फिरविण्याच्या त्या काळात फेरे मोजून ही करामत साधली जाई. तिच्या योगे एकाच नटीच्या दोन मूर्ती एकाच चौकटीत आणता येऊ लागल्या. १९१७ पर्यंत ही युक्ती छायालेखकांच्या अंगवळणी पडली होती, आणि हुबेहूब दिसणाऱ्या दोन व्यक्तींच्या कथा चित्रपटव्यवसायाला प्रिय होण्याचे ते एक कारण होय.

थानहाउझर कंपनीची घडणही अशा विषयास अनुकूल होती. संस्थापक एडविन थानहाउझर हा मिल्वॉकीच्या रंगभूमीवरून आलेला गृहस्थ. त्याने १९०९ मध्ये कंपनी उभारल्यापासून अभिजात इंग्रजी साहित्यकृतींच्या रूपांतरांवर भर ठेवला. 'द वुमन इन व्हाइट' या कथेला कंपनीने १९१२ मध्ये एकदा हात घातलाच होता. अर्नेस्ट वॉर्ड हा शेक्सपिअरच्या नाटकांतील प्रसिद्ध नट फ्रेडरिक वॉर्ड याचा पुत्र, आणि पित्याला घेऊन त्याने १९१६ मध्ये याच कंपनीसाठी 'किंग लिअर' चित्रित केला होता. फ्लॉरेन्स ला बॅडी १९११ पासून कंपनीत होती. 'द मिलियन डॉलर मिस्टरी' या १९१४ च्या रहस्यमालिकेने ती घरोघर पोचली होती. प्रेक्षक तिचा चेहरा ओळखून होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एक नटी दोन भूमिका करते तेव्हा साम्य सिद्ध करण्याचा प्रश्न उरत नाही. प्रश्न येतो तो भेद दाखविण्याचा. आवाजाची मदत नाही, शब्द मोजके. तेव्हा भेद दाखवावयाचा तो चालण्यातून, नजरेतून, हातांच्या हालचालींतून आणि वस्त्रांतून. कादंबरीकाराला 'दोघी सारख्या दिसत' असे एका वाक्यात लिहून मोकळे होता येते. मूकपटातील नटीला 'सारख्या दिसूनही या दोघी आहेत' हे प्रत्येक क्षणी दाखवून द्यावे लागते. म्हणजे ज्या दोन स्त्रियांना कादंबरीत साक्षीची संधी नव्हती त्यांच्या व्यक्तित्वाचा निराळेपणा हाच मूकपटातील अभिनयाचा मुख्य विषय होऊन बसतो.

येथे १९१७ सालच्याच एका भारतीय मूकपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. दोन्ही प्रसंगी एका देहाने दोन पात्रे वठविली. पण हेतू अगदी उलट. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे दुर्मिळ असल्यामुळे साळुंके यांच्याकडे सीता आली, आणि प्रेक्षकाने ते साम्य विसरावे अशी अपेक्षा होती. ला बॅडीच्या बाबतीत प्रेक्षकाने ते साम्य क्षणभरही विसरू नये, अशी योजना होती.

५

मूकपट हा शब्दहीन नव्हता, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. दृश्यांच्या मधून मधून येणाऱ्या लिखित पाट्या हा त्याचा अविभाज्य भाग होता. या पाट्या दोन प्रकारच्या असत. एकीत तृतीयपुरुषी निवेदन असे, दुसरीत पात्राच्या तोंडचे वाक्य. कॉलिन्सच्या निवेदकांची उणीव या पाट्या भरून काढू शकत नाहीत, हे उघड आहे. वकिलाची सावध वाक्यरचना, चुलत्याचे किरकिरे लाडेलाडे बोलणे, फॉस्कोचा फुललेला अहंकार, या प्रत्येकाची भाषाशैली हीच कादंबरीत त्याची ओळख असते. छापील पाटीला बोलीही नाही आणि सूरही नाही. तिच्यावर सर्वांची अक्षरे सारखीच. मॅरियनची रोजनिशी आणि तिच्या अखेरीस तिच्या आजारपणात फॉस्कोने आगंतुकपणे लिहून ठेवलेला मजकूर, हा कादंबरीतील सर्वात अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे. आपण वाचतो आहोत ते दुसऱ्या कोणी वाचले आहे, हा धक्का केवळ लिखित माध्यमच देऊ शकते.

परंतु हा तोटा मान्य केल्यावर त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दृश्याला प्रथमपुरुष नसतो. पडद्यावर दिसणारी प्रत्येक व्यक्ती प्रेक्षकाच्या दृष्टीने 'ती' किंवा 'तो' असते. 'मी' म्हणून कथा सांगण्याची मक्तेदारी कोणालाच नसते. निवेदकांची ही उतरंड कोसळताच त्या उतरंडीत ज्यांना जागा नव्हती त्या एकाएकी इतरांच्या बरोबरीला येतात. लॉरा आता कोणाच्या सारांशातून भेटत नाही. वॉल्टर जितका दिसतो तितकीच तीही दिसते.

याचा परिणाम रहस्यावर होतो. कादंबरीच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस वॉल्टर लॉराच्या थडग्यापाशी उभा असतो आणि समोर लॉरा येऊन उभी राहते. वाचकाला हा आघात पूर्वसूचनेशिवाय बसतो. ज्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही स्त्रिया वावरत आल्या आहेत त्या प्रेक्षकाचा प्रश्न 'ही कोण?' असा राहत नाही. ही कोण हे त्याला ठाऊक असते. पात्रांना ते का दिसत नाही, हा त्याचा प्रश्न होतो. अज्ञानातून येणाऱ्या कुतूहलाची जागा ज्ञानातून येणारी व्याकुळता घेते. रहस्यकथेची भावकथा होते, असे म्हणून हा बदल गौण ठरविणे सोपे आहे. परंतु अन्यायाचे आकलन कोणत्या स्थितीत अधिक तीव्र होते? पुरावा मिळेपर्यंत वाचक न्यायाधीशाच्या जागी बसलेला असतो. प्रेक्षक मात्र प्रथमपासून साक्षीदार असतो, आणि आपली साक्ष कोणी विचारीत नाही, ही वेदना त्याला लॉराच्या बरोबरीने भोगावी लागते.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. दिसणे म्हणजे बोलणे नव्हे. चेहरा मिळाला म्हणून लॉराला अधिकार मिळाला असे होत नाही. तिच्या तोंडची पाटीही अखेर दुसऱ्यानेच लिहिलेली असते. शिवाय कॉलिन्सने कागदावर जो भर दिला त्यामागे कठोर वास्तव होते. मादाम द दूओला ओळखणारे चेहरे होते. तिला हवा होता तो निर्णय. मूकपटाच्या प्रेक्षकाला अन्याय प्रत्यक्ष दिसतो, परंतु तो कोणत्या कायद्याच्या, कोणत्या कराराच्या, कोणत्या दाखल्याच्या आधाराने घडला हे मात्र अस्पष्ट होते. गिल्मोर वकिलाची रूक्ष प्रकरणे वाचलेल्यालाच विवाहाच्या करारात लॉराचा बळी कसा गेला ते कळते.

हा आक्षेप ग्राह्य धरूनही कादंबरीचा शेवट पुन्हा एकदा वाचावा. फॉस्कोचा लेखी कबुलीजबाब हाती आला आहे, तारखांचा पुरावा जुळला आहे. लिमरिज हाउसमध्ये कुळे व गावकरी जमले आहेत. सर्व कागदांची हकीकत वाचून झाल्यावर वॉल्टर काय करतो? तो लॉराला सर्वांना दिसेल अशी उंच धरतो आणि ही तीच ना, असे विचारतो. एकच जयघोष होतो, आणि मग थडग्यावरील खोटा मजकूर सर्वांदेखत पुसला जातो. लॉरा या प्रसंगीही काही बोलत नाही. पाचशेहून अधिक पृष्ठे कागदाच्या सामर्थ्याची कथा सांगितल्यावर कॉलिन्सला अखेर चेहऱ्याकडेच वळावे लागले. कादंबरी जेथे संपते तेथून मूकपट सुरू होतो, असे या अर्थाने म्हणता येईल.

७

मूकपटाचा उत्तरेतिहास या विषयाला आणखी एक पदर जोडतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १९१७ च्या ऑगस्ट अखेरीस, फ्लॉरेन्स ला बॅडीला मोटार अपघातात गंभीर दुखापती झाल्या आणि १३ ऑक्टोबर रोजी ती निवर्तली. तिचे वय तिशीच्या आतले होते. थानहाउझर कंपनीनेही लवकरच चित्रनिर्मिती थांबविली. कथेवर आणखी एक मूकपट इंग्लंडमध्ये १९२९ मध्ये निघाला; दिग्दर्शक हर्बर्ट विल्कॉक्स आणि नटी ब्लांश स्वीट. तोपर्यंत बोलपट येऊन ठेपला होता.

मूकपटांचे आयुष्य अल्प ठरले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे १९१२ ते १९२९ या काळातील १०,९१९ अमेरिकन दीर्घ मूकपटांपैकी मूळ स्वरूपात उरलेल्यांचे प्रमाण अवघे १४ टक्के आहे. 'लंकादहन'चेही काही अंशच शिल्लक आहेत. १८७१ मधील एडा डायसची दुहेरी भूमिका तर पाहणाऱ्यांच्या लेखांतूनच जाणून घ्यावी लागते. तिच्यापुरती साक्ष उरली, मुद्रा उरली नाही. थानहाउझरचा १९१७ चा चित्रपट मात्र वाचला. एका तासाहून काही अधिक वेळ चालणारी ही फीत आज पाहता येते.

रूपांतराचा अभ्यास करताना मूळ कृतीतील काय गळले याची यादी करण्याची सवय लागलेली असते. ती यादी आवश्यकच आहे. परंतु तिच्याबरोबर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे : मूळ कृतीने ज्यांना बोलू दिले नाही, त्यांचे नव्या माध्यमात काय झाले? 'द वुमन इन व्हाइट'च्या बाबतीत उत्तर असे की, शब्दांच्या गर्दीत जिची साक्ष घेतली गेली नाही ती लॉरा, आणि जिच्या थडग्यावरही स्वतःचे नाव नव्हते ती अ‍ॅन, या दोघी निःशब्द पडद्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या आणि ओळखल्या गेल्या. न्याय मिळण्यास एवढे पुरेसे नाही. परंतु कोणावर अन्याय झाला हे कळण्यासाठी आधी ती व्यक्ती दिसावी लागते, आणि ते काम या मूकपटाने केले.